कीटक, पाषाण आणि हरवलेला हात : तिबेटी ‘झी’ मण्याच्या कथांचे तौलनिक वाचन

१

वस्तूला अर्थ असतो हे मानववंशशास्त्राने आपल्याला शिकविले. वस्तूला कथा असते हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु एकाच वस्तूविषयी दोन परस्परविरोधी कथने सांगितली जात असतील, त्यांपैकी एक शास्त्राचे आणि दुसरे श्रद्धेचे असेल, तर तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे पुरेसा चर्चिला गेलेला नाही. बहुधा शास्त्राचे कथन ‘माहिती’ म्हणून स्वीकारले जाते व श्रद्धेचे कथन ‘दंतकथा’ म्हणून परिशिष्टात जाते. ही वाटणी सोयीची आहे. ती न्याय्य आहे की नाही, हे तिबेटी संस्कृतीतील ‘झी’ या रक्षामण्याच्या निमित्ताने तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

झी हा अकीकाचा, बहुधा लांबट व मध्ये किंचित फुगीर असा मणी. काळसर तपकिरी पृष्ठभागावर पांढऱ्या रेषा, पट्टे, चौकोन आणि वर्तुळे असतात. वर्तुळाला तिबेटीत ‘मिग’ म्हणजे डोळा म्हणतात आणि डोळ्यांच्या संख्येवरून मण्याचे नाव व मोल ठरते. नऊ डोळ्यांचा मणी विशेष मानाचा. ‘झी’ या शब्दाचा अर्थ तेज, झळाळी असा आहे. पोवळे, पिरोजा आणि अंबर यांच्यासमवेत तो गळ्यात ओवला जातो, पिढ्यान् पिढ्या वारशाने जातो, ल्हासाच्या जोखांग मंदिरातील बुद्धमूर्तीच्या अलंकारांत मिरवतो, आणि त्याची पूड तिबेटी वैद्यकातील ‘रत्नगोळ्यां’मध्ये पडते. मणी भंगला तर त्याने धारण करणाऱ्यावरील आघात स्वतःवर घेतला, असे मानतात.

हा विषय रायपुरात बसून मांडण्याला एक भौगोलिक औचित्य आहे. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर महानदीकाठी सिरपूर आहे. तेथील बौद्ध विहारांचे उत्खनन १९५० च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. त्याच दीक्षितांनी १९४९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ग्रंथमालेत भारतातील अशा रेखांकित मण्यांवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला होता. उत्तरेस सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर १९६२-६३ च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. पश्चिमेस, महाराष्ट्राच्या हद्दीत, आजच्या गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही दुसरी वसाहत १९७२ साली स्थापन झाली. त्याच्याही पलीकडे नागपूरजवळ माहुरझरी येथे महापाषाणयुगीन दफनांत आणि वसाहतीच्या अवशेषांत रेखांकित अकीकाचे मणी मिळाले आहेत. म्हणजे नागपूर ते सरगुजा या पट्ट्यात मणी आहे, मण्याचा शास्त्रज्ञ आहे आणि मण्याचा भाविकही आहे. या तिघांची गाठ मात्र वाङ्मयविचारात पडलेली नाही.

२

प्रथम शास्त्राचे कथन पाहू. अकीकावरील पांढरी रेषा छिन्नीने खोदलेली नसते. क्षाराचा लेप दगडावर रेखून, वाळवून, नंतर तो निखाऱ्यांत तापवला की क्षार दगडात झिरपतो व त्या जागी कायमचा पांढरेपणा येतो. अर्नेस्ट मॅके यांनी १९३३ मध्ये ही कृती नोंदविली. सिंधमधील सेहवान येथील एका वृद्ध कारागिराकडून त्यांना ती समजली : धुण्याचा सोडा आणि करीर या काटेरी झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांचा रस यांचे मिश्रण, ते रेखण्यासाठी बोरूची लेखणी, आणि मग अग्नी. त्याच वर्षी होरेस बेक यांनी या मण्यांचे कालखंड पाडले. सर्वांत जुना खंड सिंधू संस्कृती आणि मेसोपोटेमिया यांच्या संपर्काचा आहे. उरच्या राजदफनांत असे मणी सापडलेले आहेत. दुसरा खंड इसवी सनाच्या अलीकडच्या-पलीकडच्या शतकांचा, आणि तिसरा त्यानंतरचा. झीमध्ये पांढऱ्या रेषांच्या जोडीला उरलेला भाग काळसर करण्याची क्रियाही असते; तथापि तो याच तंत्रकुळातला मानला जातो.

येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करावयास हवी. या मण्यांना इंग्रजी ग्रंथांत ‘एच्ड’ म्हटले गेले. त्या शब्दाचा रूढ अर्थ आम्लाने पृष्ठभाग खाऊन काढणे असा आहे. प्रत्यक्षात येथे काहीच खाल्ले जात नाही. उलट काहीतरी आत मुरते. म्हणजे शास्त्राने दिलेले नावही एक रूपकच आहे, आणि तेही काहीसे चुकलेले. मराठीत ‘क्षाररेखित’ असा शब्द योजला तर तो कृतीच्या अधिक जवळ जाईल. तथापि मुद्दा शब्दाचा नाही. शास्त्रीय कथनही कथनच असते, त्यालाही स्वतःची रूपके असतात, हे येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

दीक्षितांच्या प्रबंधाचे उपशीर्षकच त्याचे दोन अक्ष स्पष्ट करते : सजावटीचे आकृतिबंध, आणि त्यांच्या प्रसाराला कारणीभूत झालेले भौगोलिक घटक. आकृतिबंध आणि भूगोल या दोन गोष्टी हाती असल्या की मण्याला वंशावळ देता येते. एखादी रेषा, एखादे वर्तुळ कोणत्या स्थळी, कोणत्या थरात मिळते हे नोंदवीत गेले की विखुरलेल्या मण्यांमागे व्यापारी मार्ग दिसू लागतात. विद्येची ही शिस्त आदरणीय आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती परकी वाटण्याचेही कारण नाही. लोककथांचे कल्पनाबंध वेगळे काढून त्यांच्या प्रसाराचे नकाशे करणाऱ्या पद्धतीशी तिचे नाते उघड आहे. दोन्हीकडे सांगणारा किंवा घडविणारा मनुष्य मागे पडतो आणि आकृतिबंध प्रवास करतो.

३

आता दुसरे कथन. तिबेटी लोकांत झीच्या उत्पत्तीविषयी प्रचलित असलेल्या कथा ऑस्ट्रियन अभ्यासक रेने द नेबेस्की-वोज्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये नोंदविल्या. त्यांतील मुख्य धागे चार आहेत.

पहिली कथा कीटकाची. झी हा मुळात जिवंत किडा. तो जमिनीत राहतो, सरपटतो. माणसाचा हात लागताच तो दगड होतो आणि ज्या अवस्थेत पकडला गेला त्याच अवस्थेत थिजतो. दुसरी कथा देवांची. झी हे देवांचे अलंकार. किंचित दोष आला की देव ते टाकून देतात. म्हणूनच पृथ्वीवर निर्दोष मणी क्वचित सापडतो. तिसरी कथा प्रवाहाची. पश्चिम तिबेटातील रुडोक भागात एका डोंगरातून झी झऱ्यासारखे वाहत होते. एका दुष्ट स्त्रीची दृष्ट लागली आणि तो ओघ कायमचा थांबला. चौथी कथा वीराची. गेसर राजाने ‘तझिक’ म्हणजे इराणी मुलखाचा खजिना जिंकला आणि त्या लुटीबरोबर झी तिबेटात आले.

या चार कथा एकाच टोपलीत टाकणे चुकीचे होईल. पहिल्या तीन कथा मण्याला मानवी निर्मितीच्या बाहेर ठेवतात : तो प्राणी आहे, देवाचा आहे, डोंगराचा आहे. चौथी मात्र त्याला इतिहासात आणते. ती सांगते की मणी पश्चिमेकडून आला, संपत्ती म्हणून आला, सत्तेच्या हस्तांतरातून आला. सिंधू, इराण आणि मेसोपोटेमिया यांना जोडणारा जो नकाशा पुराणवस्तुशास्त्राने विसाव्या शतकात काढला, त्याची दिशा या वीरकथेत अगोदरच शिल्लक आहे. महाकाव्याला पुरावा मानावे असा याचा अर्थ नाही. परंतु दंतकथा अज्ञानातून जन्मते, हे गृहीतक येथे टिकत नाही. लोकस्मृतीने ‘कोठून’ हे जपले; ‘कोणी आणि कसे’ हे तिच्या हातून सुटले.

प्रवाहाच्या कथेतही एक अंतर्गत तर्क आहे. ज्या मण्यावर डोळे आहेत त्याचा ओघ दृष्टीनेच थांबला, आणि आता तोच मणी दृष्टीपासून रक्षण करतो. विष आणि उतारा एकाच द्रव्याचे, ही कल्पना आपल्याला परिचित आहे. काळ्या मण्यांनी, काजळाच्या तिटेने दृष्ट टाळणाऱ्या समाजाला ती समजावून सांगावी लागत नाही. मात्र टंचाईचा दोष एका स्त्रीवर टाकला गेला, हेही कथेच्या वाचनातून सुटता कामा नये. पुरवठा का थांबला याचे ऐतिहासिक उत्तर हरवले की समाज ते उत्तर आपल्या जुन्या संशयितांमध्ये शोधतो. आपल्याकडील चेटकिणीच्या कथांतही याहून वेगळे घडत नाही.

४

कीटकाच्या कथेचे खरे महत्त्व दुसऱ्या एका दगडाशेजारी ठेवल्यावर कळते. तो दगड म्हणजे शाळिग्राम. मराठी देवघराला तो नवा नाही. तुळशीच्या लग्नात वर म्हणून बाळकृष्णाच्या ठिकाणी शाळिग्राम ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे. तो येतो नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून, म्हणजे मुस्तांगच्या, तिबेटी संस्कृतीशी एकजीव असलेल्या प्रदेशातून. मुक्तिनाथ हे तेथील क्षेत्र हिंदू आणि बौद्ध दोघांनाही पूज्य आहे.

शाळिग्रामावरील चक्र कसे उमटले याचे पौराणिक उत्तर असे : तुलसीच्या शापाने विष्णू शिळारूप झाला आणि वज्रकीट नावाच्या किड्यांनी त्या शिळेत चक्रे कोरली. भूशास्त्राचे उत्तर असे : शाळिग्राम हा अमोनाइट या समुद्रजीवाचा जीवाश्म आहे, हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे समुद्र होता आणि चक्र म्हणजे त्या जीवाच्या शंखाची वळणे.

आता दोन्ही दगडांची कथने समोरासमोर ठेवावीत. शाळिग्राम हा प्रत्यक्षात दगड झालेला जीव आहे. परंपरा म्हणते, तो कोरलेला दगड आहे. झी हा प्रत्यक्षात कुणीतरी रेखलेला दगड आहे. परंपरा म्हणते, तो दगड झालेला जीव आहे. एकाचे सत्य दुसऱ्याची कथा आहे आणि दुसऱ्याचे सत्य पहिल्याची. हिमालयाच्या एकाच कुशीत या दोन कथा शेजारी-शेजारी नांदल्या आहेत. त्यांच्यात उसनवारी झाली असे येथे सुचवावयाचे नाही. तशी गरजही नाही. महत्त्वाचे हे की दगड व जीव आणि कोरणे व थिजणे या दोन जोड्यांतून पाषाणावरील आकृतीची उपपत्ती लावणारा विचार या प्रदेशात सुसंघटित होता. त्याची पदे बरोबर होती. ती कोणत्या दगडाला लावायची यात उलटापालट झाली.

परंतु ही उलटापालट केवळ अपघात आहे काय? दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे : मानवी हाताला निर्मितीतून वगळले आहे. शाळिग्राम कोरला खरा, पण कोरणारा किडा. झीला मानवी हात लागला खरा, पण तो घडविणारा नव्हे, थिजविणारा. मराठी धर्मजीवनात ‘स्वयंभू’ देवस्थानाला घडविलेल्या मूर्तीपेक्षा अधिक मान मिळतो, त्यामागेही हाच न्याय आहे. पवित्र वस्तूला कर्ता चालत नाही. तिबेटी संस्कृतीतही झी याबाबतीत एकटा नाही : ‘थोकचाक’ नावाची धातूची प्राचीन लहान रक्षावस्तू आकाशातून पडलेले वज्रलोह म्हणून जपली जाते, तीही माणसाने ओतलेली असते.

५

येथून एक सिद्धांत मांडण्याचा मोह होतो : जेथे घडविणारा हात विसरला जातो, तेथे पावित्र्याची कथा जन्मते. आपल्याकडील उदाहरणे याला पुष्टी देतात. नाशिकच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख वाचणारे कुणी उरले नाही, तेव्हा सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या दानांची ती जागा ‘पांडवलेणी’ झाली. लिपी पुन्हा वाचता येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात, तोवर पांडव तेथे स्थिरावले होते.

उलट बाजूचे उदाहरणही बोलके आहे. गुजरातेत रतनपूरच्या खाणी आणि खंबातचे कारागीर यांच्यामुळे अकीकाचा व्यवसाय खंडित झाला नाही. तेथेही कथा आहे, परंतु ती कीटकाची नाही. ती बाबा घोर या आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी संताची आहे. त्याची दर्गा रतनपूरजवळ आहे आणि अकीकाच्या धंद्याचे मूळ लोक त्याच्याशी जोडतात. जेथे हात जिवंत आहे, तेथे कथा हाताला नाकारत नाही. ती त्याला आश्रयदाता देते. कीटकाऐवजी संत येतो.

तथापि हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, आणि त्याला आडवे येते ते विदर्भच. माहुरझरीचे उत्खनन शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये केले. पुढे डेक्कन कॉलेजनेही तेथे काम केले. ते मणी घडविण्याचे एक मोठे केंद्र होते. तेथेही कारागिराचा हात हरवला, तेथील जमिनीतूनही मणी वर येतात. पण त्यांच्याभोवती झीसारखी कथांची माळ गुंफली गेलेली दिसत नाही. ते मणी गळ्यात गेले नाहीत, संग्रहालयात गेले. म्हणजे हात हरवणे ही कथेची आवश्यक अट असेल, पुरेशी अट नव्हे. कथेला वस्तू हातात, गळ्यात, आजीकडून नातीकडे फिरती लागते. ती औषधात उगाळली जावी लागते, मूर्तीवर चढवावी लागते. विस्मृतीच्या जोडीला वापर लागतो. दोन्ही मिळतात तेथे झी होतो. एकच मिळतो तेथे पुरावशेष होतो.

मराठी भाषेने याची एक खूण जपली आहे. अरबीतील ‘तावीज’ मराठीत ‘ताईत’ झाला आणि ‘गळ्यातला ताईत’ हा वाक्प्रचार जिवलग माणसासाठी रूढ झाला. वस्तू भाषेत गेली, गळा बहुधा मोकळा राहिला. अथर्ववेदातील ‘मणि’ हाही प्रथम बांधावयाचा रक्षामणी होता. संस्कृत काव्यात तो रत्न झाला आणि उपमानांच्या यादीत गेला. आपली परंपरा मण्याला रूपक करीत आली. तिबेटी परंपरेने तो संस्कृत ‘मणि’ शब्द षडाक्षरी मंत्रात उचलला आणि त्याच वेळी दगडाचा मणीही गळ्यातून उतरू दिला नाही.

६

या चर्चेत पणाला लागले आहे ते केवळ एका दंतकथेचे वर्गीकरण नव्हे. १९५९ नंतरच्या निर्वासनात अनेक तिबेटी कुटुंबांनी जे थोडे सोबत आणले त्यात अंगावरचे दागिने होते, आणि पोटासाठी जे विकावे लागले त्यातही तेच होते. नव्वदच्या दशकापासून तैवान आणि चीनमध्ये ‘तिआनझू’ म्हणजे स्वर्गीय मणी म्हणून झीची मागणी प्रचंड वाढली; नवे मणी यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. या बाजाराने दोन्ही कथने आत्मसात केली. जुन्या मण्याची किंमत सिद्ध करण्यासाठी तो पुराणवस्तुशास्त्राची भाषा बोलतो. नवा मणी विकण्यासाठी देव आणि कीटक यांची. ज्या कथेने हाताला वगळून मण्याला खरेदी-विक्रीच्या पलीकडे ठेवले होते, तीच आता जाहिरातीचा मजकूर झाली आहे.

अशा वेळी समीक्षक जर एवढेच म्हणाला की ‘झी हा किडा नव्हे, क्षाराने रेखलेला अकीक होय’, तर त्याचे विधान खरे असूनही अपुरे राहते. भंगलेल्या मण्याचेच पाहावे. संग्रहालयासाठी अर्धा मणीही पूर्ण साक्षीदार असतो. आकृतिबंध ओळखता आला की काम झाले. धारण करणाऱ्यासाठी भंगलेला मणी म्हणजे पार पडलेले कर्तव्य. त्याने आपला आघात घेतला, आता त्याचे सामर्थ्य संपले. एका दृष्टीने मणी भूतकाळाविषयी बोलतो, दुसऱ्या दृष्टीने तो माणसाच्या भवितव्यासाठी काम करतो. ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत, कारण ती एका प्रश्नाची उत्तरेच नाहीत.

निर्वासनाने कीटकाच्या कथेत आणखी एक पेच निर्माण केला आहे, आणि तो मैनपाटच्या संदर्भात स्पष्ट दिसतो. त्या कथेचे व्याकरण असे की मणी माणूस देत नाही, भूमी देते. तिबेटातील गुराख्याला किंवा नांगरणाऱ्याला तो अवचित मातीत भेटतो. २०१४ साली पश्चिम तिबेटातील नारी भागात उत्खननातून प्राचीन दफनात झी मिळाला. म्हणजे भूमी देते या विश्वासाला त्या भूमीचा आधारही आहे. मैनपाटच्या पठारावर तिबेटी शेतकऱ्यांनी टाऊचे पीक रुजविले. परंतु त्या मातीतून त्यांना झी भेटणार नाही. येथे मणी ‘सापडणारा’ राहिला नाही, केवळ ‘उरलेला’ झाला. कथेतील क्रियापद बदलले. पूर्वी ती कथा प्राप्तीची होती. निर्वासित गळ्यात ती शिलकीची झाली. कथेचा एक शब्दही न बदलता तिचा अर्थ बदलू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल. आणि विदर्भाच्या मातीतून त्याच तंत्रकुळातले मणी वर येतात, पण ते कुणाच्याच देवाचे नसतात, ही या भूगोलातील विसंगती दोन्ही कथने एकत्र वाचल्याखेरीज लक्षात येत नाही.

दीक्षितांनी मण्यांची जी सूची केली तिच्यात आकृतिबंध आणि स्थळे आहेत. तौलनिक साहित्याने तिला तिसरा रकाना जोडावा, असे येथे सुचवावेसे वाटते : त्या मण्याविषयी कोण, कोठे, काय सांगत होते, आणि सांगणाऱ्याची जागा बदलल्यावर सांगण्यात काय बदलले. त्या रकान्यात सेहवानच्या वृद्धाचा बोरू, रतनपूरचा सिद्दी संत, गंडकीचा वज्रकीट आणि हाताच्या स्पर्शाने थिजणारा तिबेटी किडा हे एका ओळीत येतील. तो रकाना कोरा राहिला तर सूची चुकीची ठरणार नाही. मात्र मैनपाट किंवा नॉर्ग्येलिंग येथील घरात उरलेला मणी आणि दुकानातील यंत्रनिर्मित मणी यांतील फरक सांगण्यासाठी आपल्यापाशी अकीकाचे वय तेवढे असेल. त्या मण्याबरोबर घराला काय सांभाळावे लागले, हे सांगता येणार नाही.